वरंध, आंबेनळी, पसरणी: तीन घाटांची गाडीसफर कशी आखावी

पुण्याहून भोर, तिथून वरंध घाट उतरून महाड, मग पोलादपूरहून आंबेनळी चढून प्रतापगड-महाबळेश्वर, आणि पसरणीने वाईत उतरून परत पुणे. नकाशावर हा वेढा साधारण सव्वातीनशे किलोमीटरचा भरतो. आकडा बघून "एका दिवसात होतंय की!" असं पहिल्यांदा निघणाऱ्याला वाटतं आणि बेत तिथेच फसतो. घाटात थांबे धरून गाडी ताशी पंचवीस-तीसच्या वर सरासरी देत नाही. महाडला पोचायला दुपार होते, आणि प्रतापगडाच्या पायऱ्या काही गाडीने चढता येत नाहीत.

म्हणून इथे किलोमीटर मोजायचे नाहीत. घाट मोजायचे आणि उजेडाचे तास मोजायचे. एका दिवसाला एक मोठा घाट, तोही उजेडात. हे पाळलं की तीन दिवस आणि दोन मुक्काम लागतात. खालचा सगळा हिशोब त्यावर मांडला आहे.

१. आधी महिना ठरवा, मग सुट्टी टाका

सगळ्यात चांगला काळ ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत. ऑक्टोबरात डोंगर हिरवे असतात, ओहोळांना थोडं पाणी असतं आणि रस्त्याची डागडुजी बहुतेक झालेली असते. फेब्रुवारीनंतर गवत वाळतं, वणवे लागतात, हवा धुरकट होते आणि दरीतलं काही धड दिसत नाही. रस्ता मात्र तेव्हा सर्वात कोरडा असतो. नव्याने घाट शिकणाऱ्याला हाच काळ बरा.

जुलै-ऑगस्टच्या धबधब्यांचे फोटो बघून जायचं मनात असेल तर एक गोष्ट ध्यानात घ्या. सह्याद्रीचा कडा कातळाचा दिसतो, पण कातळाच्या थरांमध्ये कुजलेला मुरूम आणि माती असते. रस्त्यासाठी डोंगर कापला की ती उघडी पडते, पाणी मुरलं की फुगते आणि वरच्या धोंड्यांसकट खाली येते. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. त्याच सुमारास महाडजवळचं तळीये गाव दरडीखाली गेलं आणि आंबेनळी घाटाचा रस्ता ठिकठिकाणी तुटला. तेव्हा पावसाळ्यातली पहिलीच घाटसफर या वेढ्यावर करू नका. भिजायचंच असेल तर वाई-पाचगणी करा आणि तिथूनच परत या.

टाळायचे दिवस: नाताळ ते नववर्ष, दिवाळीची सुट्टी, मे महिन्यातले शनिवार-रविवार. त्या दिवसांत वेण्णा तलावापाशी गाड्या चालत नाहीत, सरकतात. पौष पौर्णिमेला मांढरदेवीची यात्रा असते. तिच्या आगेमागे वाई-मांढरदेव-भोर रस्त्याकडे फिरकू नये.

२. घाट चालू आहे का, हे तीन जिल्ह्यांत विचारा

वरंध घाटाची वरची बाजू पुणे जिल्ह्यात, खालची रायगडात. आंबेनळीची खालची बाजू रायगडात, वरची साताऱ्यात. घाट बंद करण्याचा आदेश जिल्हाधिकारी काढतात, त्यामुळे एका जिल्ह्याचा आदेश बघून "चालू आहे" असं धरून चालत नाही. पावसाळ्यात वरंध अवजड वाहनांना बंद असतो, आणि हवामान खात्याचा लाल किंवा नारिंगी इशारा आला की सगळ्यांनाच. रुंदीकरणाची कामं चालू असताना उन्हाळ्यातही तो बंद ठेवला गेला आहे.

ऑनलाइन नकाशावर विसंबू नका. बंद घाट तो कधी उघडा दाखवतो, कधी उघडा घाट टाळून भलतीकडे वळवतो. खरी खबर एसटीकडे असते. निघायच्या आदल्या संध्याकाळी भोर किंवा महाड आगाराच्या चौकशी खिडकीला फोन करून एवढंच विचारा: "वरंधमार्गे गाडी चालू आहे का?" एसटी चालू असेल तर तुमची गाडीही जाईल. एसटी बंद आणि "छोट्या गाड्या जातायत" असं कुणी सांगितलं, तर तो रस्ता तुमच्यासाठी बंद समजा. आंबेनळीसाठी हाच प्रश्न महाबळेश्वरच्या बसस्थानकात.

पर्याय आधीच ठरवून ठेवा. वरंध बंद असेल तर पुणे-मुळशी-ताम्हिणी-माणगाव-महाड. हा रस्ता लांब आहे, आणि माणगावात शनिवारी-रविवारी हमखास कोंडी होते. आंबेनळी बंद असेल तर पोलादपूरहून चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, कराड. त्यात अख्खा दिवस जातो आणि महाबळेश्वर सोडूनच द्यावं लागतं. तिथे हट्ट करू नका.

३. वेढा कोणत्या बाजूने घ्यायचा

वरंध उतरायचा, आंबेनळी चढायचा, पसरणी उतरायचा. उलटं का नाही? वरंध तिन्हींत सर्वात निर्जन, फोनला रेंज नसलेला. तो पहिल्या दिवशी, ताज्या डोक्याने, सकाळीच उरकलेला बरा. तुम्ही पश्चिमेला जात असता, म्हणजे सकाळचं ऊन पाठीवर. दुसऱ्या दिवशी दुपारी आंबेनळी चढताना तोंड पूर्वेला, ऊन पुन्हा पाठीवर. वळणावर समोरून अचानक डोळ्यांत ऊन आलं की दोन-तीन सेकंद काही दिसत नाही, आणि घाटात तेवढा वेळ फार असतो. तिसऱ्या दिवशी मात्र सकाळी पूर्वेकडे उतरायचं आहे, म्हणून नऊच्या आधी निघायची घाई नको.

दुसरं कारण ब्रेकचं. आंबेनळीचा उतार लांबलचक आहे. नवख्याने तो आधी चढून बघावा.

४. गाडीची तयारी

निघण्याच्या आठवडाभर आधी गॅरेजला दाखवा, आदल्या दिवशी नको. काही बदलावं लागलं तर नव्या पॅडवर शंभरेक किलोमीटर शहरात चालवून मग घाटात जावं, कारण नवे पॅड लगेच नीट पकडत नाहीत. मेकॅनिकला "सगळं बघून घे" म्हणू नका. नेमकं सांगा:

- ब्रेक पॅडची जाडी. ३ मिलिमीटरच्या खाली असेल तर बदला.
- ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर बदला. ते हवेतलं पाणी शोषतं, उतारावर तापून उकळतं, वाफ धरते आणि पेडल पाय टाकताच खाली जातं.
- टायरची नक्षी. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर, पण ओल्या घाटाला ३ तरी हवी. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. वय त्यावरून कळतं.
- कूलंटची पातळी आणि रेडिएटरचा पंखा. चढावर गाडी तापते ती इथूनच.
- वायपरचे रबर, काचेवरच्या हवेचा झोत, हॉर्न.

हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना. स्टेपनीतही भरा. स्टेपनी आहे पण बसली आहे, किंवा जॅक आहे पण पाना घरी राहिला, हे प्रकार फार होतात. एकदा घरासमोर चाक काढून बघा म्हणजे नट गंजून बसलेत का ते कळेल.

गाडीत ठेवायचं सामान: जॅक, पाना, ट्यूबलेस पंक्चरचा किट आणि हवेचा छोटा पंप, जंप केबल, ओढायचा दोर, टॉर्च, परावर्तक त्रिकोण, चाकामागे लावायला दोन लाकडी ठोकळे, माणशी तीन लिटर पाणी आणि शिवाय कूलंटसाठी दोन लिटर, प्रथमोपचाराची पेटी, सुटे पैसे. टपावर कॅरिअर बांधू नका. वजन वर गेलं की गाडी वळणावर कलते.

५. कागदपत्रं

लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी. डिजीलॉकर किंवा एम-परिवहन ॲपमध्ये असतील तर चालतात, गॅलरीतला फोटो चालत नाही. रेंज नसते म्हणून आधीच उघडून ठेवा किंवा मूळ कागद जवळ बाळगा. जुन्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवून घ्या. फास्टॅगमध्ये पैसे ठेवा, पहिला टोल खेड शिवापूरलाच आहे. मुक्कामासाठी सगळ्या मोठ्यांची ओळखपत्रं.

गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवणार असाल तर नंबरप्लेट बघा: काळ्या पाटीवर पिवळे आकडे हवेत. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेतली आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो.

६. पहिला दिवस: पुणे-भोर-वरंध-महाड (सुमारे १३० कि.मी.)

सकाळी सहाला निघा. सातारा रस्त्याने कापूरहोळ, तिथून भोर फाटा. भोरमध्ये नाश्ता करा आणि टाकी पूर्ण भरा. यानंतर घाट उतरून बिरवाडी-महाड येईपर्यंत पंप मिळेल असं धरायचं नाही. बाजाराच्या दिवशी गावातला रस्ता अडतो, तेव्हा बाजारात घुसण्याआधी कुणाला तरी विचारून घ्या.

भोरनंतर रस्ता नीरा देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने जातो. फोटो काढायचे ते इथे काढा, कारण थांबायला जागा आहे. पुढे हिरडोशी सोडलं की रस्ता अरुंद होतो. इथे साइडपट्टीकडे लक्ष ठेवा. डांबर संपतं तिथे एक वीतभर खड्डा असतो आणि त्यावर गवत वाढलेलं असतं, त्यामुळे तो दिसत नाही. समोरून एसटी आली म्हणून डावं चाक खाली घातलं की गाडीचं पोट डांबरावर टेकतं. अशा वेळी रुंद जागेतच थांबून राहा आणि एसटीला येऊ द्या.

घाटमाथ्यावर वाघजाईचं देऊळ आहे, भजी-चहाच्या टपऱ्या आहेत. रस्त्याने दोन भाग केलेला कावळ्या किल्लाही तिथेच. गाडी टपरीसमोर उभी करा, वळणावर नको. काचा पूर्ण वर घ्या, माकडं आत हात घालतात. त्यांना खाऊ घालू नका. गाडीकडे बघून रस्त्यावर येण्याची सवय त्यांना याच खाऊने लागली आहे.

उतरताना गिअरचा नियम साधा: ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचं. वरंधला बहुतेक ठिकाणी दुसरा. न्यूट्रलवर टाकून पेट्रोल वाचत नाही, उलट इंजिनाची पकड जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ऑटोमॅटिक असेल तर डीमध्ये उतरू नका. एल, दोन किंवा मॅन्युअल, जे असेल ते लावा. ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही. वेग वाढला की जोरात दाबा, कमी झाला की पूर्ण सोडा. मधल्या वेळात डिस्कला वारा लागतो.

जळका वास आला किंवा पेडल मऊ लागलं तर पुढच्या रुंद जागी थांबा. पहिला गिअर, चाकाला उताराच्या बाजूने ठोकळा, आणि वीस-पंचवीस मिनिटं नुसतं बसा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते आणि मग ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं.

घाट उतरल्यावर शिवथरघळीचा फाटा लागतो. रामदासस्वामींची घळ बघायची असेल तर त्यात दीड-दोन तास धरा. मुक्काम महाड.

७. घाटातली भाषा

हे वरंधलाच नाही, तिन्ही घाटांना लागू आहे.

चढणाऱ्या गाडीला पहिला हक्क. अरुंद जागी उतरणाऱ्याने थांबायचं, कारण चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणं अवघड. तुम्ही चढत असाल तरी हक्कावर ताणू नका. समोर लादलेला ट्रक असेल तर तुम्हीच जागा द्या.

प्रत्येक आंधळ्या वळणाआधी एक हॉर्न, वळणात नव्हे. मग एक क्षण कान द्या. समोरच्याने वाजवला तर गाडी आहे. नाही वाजवला तर गाडी नाही असं मात्र समजू नका.

रस्त्यात झाडाची ओली फांदी किंवा ओळीत दगड दिसले तर वेग लगेच तोडा. वळणापलीकडे बंद पडलेला ट्रक आहे, असा त्याचा अर्थ. ट्रक निघून गेला तरी दगड पुष्कळदा तसेच राहतात, आणि रात्री दुचाकीवाल्यांचा घात तेच करतात.

ट्रकवाला उजवा इंडिकेटर देऊन "पुढे जा" सुचवतो, कधी हात करतो. समोरचा रस्ता तुम्हाला स्वतःला दिसत नाही तोवर जाऊ नका. तो उजवीकडे वळतही असेल.

धुक्यात हेडलाइट खालच्या झोतावर ठेवा. वरच्या झोताने समोर पांढरी भिंत उभी राहते. चारही इंडिकेटर लावून चालवायची फॅशन आहे, ती सोडा. वळताय की थांबलाय, हे मागच्याला कळत नाही. चार दिवे थांबलेल्या गाडीसाठी.

डोंगराकडून गढूळ पाणी अचानक रस्त्यावर येऊ लागलं, बारीक खडे टपटपू लागले, विजेचा खांब किंवा झाड कललेलं दिसलं, तर फोटो काढत बसू नका, तिथून निघा. कापलेल्या कड्याखाली गाडी उभी करून डबा खाणारे दर पावसाळ्यात दिसतात. धबधब्याबरोबर दगडही येतात, हे त्यांच्या गावी नसतं.

८. गाडी लागणाऱ्यांची सोय

पुढे बसवा, फोन हातातून काढून घ्या, काच थोडी उघडी. पोट रिकामं नको आणि तुडुंब नको. कोरडी पोळी, बिस्किटं ठीक, मिसळ नको. डॉक्टरांना विचारून गोळी घ्यायची तर घाटाच्या अर्धा-पाऊण तास आधी. चालकाने ही गोळी घेऊ नये, झोप येते. आवळासुपारी आणि प्लॅस्टिकच्या चार-पाच पिशव्या हाताशी असू द्या.

९. दुसरा दिवस: महाड-पोलादपूर-प्रतापगड-महाबळेश्वर (सुमारे ६५ कि.मी.)

अंतर कमी आहे म्हणून सकाळ महाडला द्या. चवदार तळं गावातच आहे. २० मार्च १९२७ चा सत्याग्रह इथला. गंधारपाल्याची बौद्ध लेणी मुंबई-गोवा महामार्गाला लागूनच आहेत. अकराच्या सुमारास निघा. रायगड याच दिवशी "उरकू" म्हणू नका, त्याला वेगळा दिवस लागतो. तो घालायचा असेल तर सफर चार दिवसांची करा.

पोलादपूरला जेवण आणि पेट्रोल. यानंतर महाबळेश्वरपर्यंत चाळीसेक किलोमीटर चढच चढ. तापमानाचा काटा मध्याच्या वर जाऊ लागला तर एसी बंद करा, तरी चढत राहिला तर थांबा, इंजिन दोन मिनिटं चालू ठेवून मग बंद करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. हाफ क्लचवर गाडी धरून ठेवू नका. चढावर थांबलात तर हँडब्रेक लावा आणि निघताना इंजिन ओढायला लागल्यावरच तो सोडा.

कुंभरोशीच्या अलीकडे-पलीकडे रस्ता दाट झाडीतून जातो. भर दुपारीही सावलीत शेवाळ ओलं असतं, दुचाकीवाल्यांनी इथे पुढचा ब्रेक जपून वापरावा. प्रतापगडाला पायऱ्या चढून दीड-दोन तास लागतात. गडावरून चारपर्यंत खाली या. हिवाळ्यात सहाला अंधारतं आणि महाबळेश्वरचा शेवटचा टप्पा झाडीतला आहे.

महाबळेश्वरला हॉटेल ठरवताना "पार्किंग आहे" एवढ्यावर थांबू नका. हॉटेलच्या आवारात आहे की रस्त्यावर, आणि तिथे जाणारा चढ कसा आहे, हे विचारा. प्रवेशकराची पावती खिशात ठेवा.

१०. तिसरा दिवस: पाचगणी-पसरणी-वाई-पुणे

पसरणी रुंद आहे, रहदारी भरपूर आहे, आणि म्हणूनच लोक इथे निष्काळजी होतात. डावीकडे धोम धरणाचं पाणी दिसायला लागलं की चालकाची नजर तिकडे जाते. बघायचं असेल तर थांबा. स्ट्रॉबेरी साधारण डिसेंबर ते मार्च मिळते. पेटीच्या वरचा थर बघून घेऊ नका, खालचा उघडून बघा.

वाईत ढोल्या गणपती आणि कृष्णेचे घाट, तीन-चार किलोमीटरवर मेणवली. तिथे नाना फडणविसांचा वाडा आहे आणि नदीकाठी वसईहून आणलेली मोठी घंटा.

पुढे दोन वाटा. मांढरदेवमार्गे भोर सुंदर आहे, पण म्हणजे आणखी एक घाट चढ-उतार. दुपारी एकच्या आत वाई सुटत असेल आणि चालक ताजा असेल तरच धरा. नाहीतर सुरूरला महामार्गाला लागा. खंबाटकीच्या जुन्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर उतारावर लगेच एस आकाराचं वळण आहे. घाट संपले म्हणून सुटलेला चालक नेमका तिथे वेगात असतो, तेव्हा बोगद्यातच वेग उतरवा. रविवारी चारनंतर खेड शिवापूरला रांग लागते; वाईत जेवून दोनपर्यंत निघालात तर ती टळते.

११. अडलात तर

कोणतीही आणीबाणी ११२, रुग्णवाहिका १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. वरंध आणि आंबेनळीत रेंज नसलेल्या जागा बऱ्याच आहेत, म्हणून नकाशा आधी उतरवून ठेवा आणि घरी सांगून ठेवा: "बाराला महाडमध्ये फोन करतो, दोनपर्यंत आला नाही तर शोध घ्या." गाडी बंद पडली तर सगळ्यांना उतरवून डोंगराच्या बाजूला नव्हे आणि दरीच्या कठड्यावरही नव्हे, तर गाडीपासून वरच्या अंगाला, रुंद जागी उभं करा. त्रिकोण निदान पन्नास पावलं मागे, वळणाच्या अलीकडे ठेवा. पुढची एसटी थांबवा. चालक-वाहक निरोप खालच्या गावात पोचवतात, मेकॅनिकही सांगतात. गाडी सुरू होऊन निघाल्यावर रस्त्यात ठेवलेले दगड-फांद्या उचलून बाजूला टाका.